आईला विचारून घेतलेली गाडी

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

गेटच्या डाव्या खांबाला आज पुन्हा गाडी घासली. खांब जागचा हलत नाही हे मला मान्य आहे. पण शेजाऱ्यांनी स्कूटर अशी आडवी लावली होती की माणसानं तिच्याकडे बघावं की खांबाकडे? मागच्या दारावर हा लांब ओरखडा आला. खोबरेल लावून पुसला, तर जास्तच चमकायला लागला.

गाडीला पंधरा वर्षं होत आली. बावन्नाव्या वर्षी मी क्लासला जाऊन चालवायला शिकले, तेव्हा हे म्हणाले होते, ‘आपल्या मलकपेठच्या लोकांनी तुझं काय घोडं मारलंय?’ हे गेल्यापासून घरात मी एकटी. मुलगा हर्षवर्धन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीत. प्रणिता लग्न होऊन पुण्यात. गाडी आहे म्हणून मला कुणाची वाट बघत बसावं लागत नाही. बँक, भाजी, दवाखाना, आणि दर गुरुवारी शेजारच्या सुशीलाबाईंना घेऊन सुलतान बाजारच्या मराठी वाचनालयात. त्यांच्या गुडघ्यांना मेट्रोचे जिने झेपत नाहीत. गाडी नसली तर मी हर्षूच्या सवडीवर जगायला लागेन, आणि हर्षूला सवड नसते. ही तक्रार नाही, आहे ते लिहिलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पुस्तकांची पिशवी अजून दारातच पडलीय.

वाचनालयातून परत येताना सुशीलाबाईंना त्यांच्या बहिणीकडे सोडलं आणि रेसकोर्सच्या भिंतीकडून एकटीच येत होते. दिवे नुकतेच लागले होते. हल्ली रस्त्यावर असले पांढरे दिवे बसवलेत की प्रत्येकाभोवती कडं दिसतं. समोरून येणाऱ्या बसचा उजेड डोळ्यात, आणि तेवढ्यात एक शाळेतली मुलगी गाडीपुढे. ब्रेक लागला. मुलीला काही झालं नाही, पण तिची डब्याची पिशवी चाकाखाली गेली. पोरगी रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. लोक जमले, एक जण म्हणाला, ‘अम्मा, दिख रा ना आप को?’ काय उद्धटपणा! मुलगीच अचानक आली. काळपट गणवेश, संध्याकाळची वेळ, कुणाला दिसणार?

घरी येऊन पाणी प्यायले आणि प्रणिताला फोन लावला. सगळं सांगितलं. सांगताना रडूही आलं. “दादाला बोलू नकोस हं,” म्हटलं. “वेडी आहेस का आई? आपल्या दोघींतलं कधी बाहेर गेलंय का?” म्हणाली. खरंच, या मुलीपाशी मी आजवर काही लपवलं नाही. मग जरा बरं वाटलं आणि वरणभात जेवले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

योगायोग म्हणतात तो हा! आज हर्षू चक्क ऑफिसच्या दिवशी दुपारी आला, आणि हातात गाड्यांची माहितीपत्रकं. म्हणाला, “आई, तुझी गाडी आता म्हातारी झाली. नवी घेऊ या. पेट्रोल घ्यायची की डिझेल, ते तू ठरवायचं.”

मी म्हटलं, “मी का?” तर म्हणाला, “मग कोण? गणिताची बाई तू.” 

इतकं बरं वाटलं मला. जाताना तो गाडीभोवती एक चक्कर मारून ओरखड्यावरून बोट फिरवत उभा होता. मी म्हटलं, स्कूटरवाल्यानं केलंय. “हो का,” म्हणाला, पुढे काही बोलला नाही. पोरगं शहाणं झालंय.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

हर्षू आणि सूनबाई अपर्णा सकाळपासून इथंच. मोदक जरा फुटले पण गोड झाले.

जेवणं झाल्यावर वादाला तोंड फुटलं. हर्षू डिझेलच्या बाजूचा. मोठी गाडी, दणकट, लांबच्या प्रवासाला परवडते, तुळजापूरला कुलदैवताला एका दमात जाऊ. अपर्णा पेट्रोलच्या बाजूची. “आईंना लांब जायचंच कुठंय? जवळच्या फेऱ्यांना डिझेल घेतलं तर तो काजळीचा फिल्टर तुंबतो. माझ्या मावसभावाची गाडी तशीच भर रस्त्यात बंद पडली.” दोघं अगदी हमरीतुमरीवर आले. शेवटी दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला अभ्यासाला वेळ द्या. खूप वर्षांनी या घरात माझ्या मतासाठी कुणी भांडलं.

नंतर हर्षू दही आणायला गेला तो तासाभरानं आला. सणाची गर्दी.

१ सप्टेंबर, सोमवार

पंधरा वर्षं झाली की गाडीची नोंदणी नवी करावी लागते. नवी गाडी येईपर्यंत ही चालती ठेवायला हवी, म्हणून हर्षू ती तपासणीला घेऊन गेला. कुकटपल्लीत त्याच्या ओळखीचा एजंट आहे. घेतली तेव्हा कर्ज त्याच्या नावावर मिळालं होतं म्हणून कागदावर नाव त्याचंच आहे, हप्ते मी फेडले. आठवड्यात आणून देतो म्हणाला. मी आतली गणपतीची छोटी मूर्ती तशीच राहू दिली. हर्षूनं मात्र ती काढून माझ्या हातात दिली. “तपासणीत हरवायची,” म्हणाला. किती बारीक लक्ष!

६ सप्टेंबर, शनिवार

शोरूममध्ये गेलो होतो. डिझेलची गाडी म्हणजे अंगणात म्हैस बांधल्यासारखी. आमच्या गल्लीत ती वळणार तरी कशी? पेट्रोलची छोटी मला आवडली. बसले, आरसा नीट केला, किल्ली मागितली. हर्षूनं मला बाजूला घेऊन सांगितलं की साठीच्या वरच्यांना हे लोक चालवून बघू देत नाहीत, विम्याचा नियम आहे. मी चांगलीच तापले. साठीच्या वरच्यांचे पैसे चालतात वाटतं यांना? तिथल्या पोराला, इमरानला, सुनावणारच होते, पण हर्षूनं हात दाबला. “त्याचा काय दोष आई, नियम वरून येतो.” मग दोन्ही गाड्या त्यानं चालवल्या आणि मी शेजारी बसून आवाज ऐकले. डिझेलचा जरा घोगरा.

उद्यापासून पितृपक्ष. हर्षू म्हणाला, आता पंधरा दिवस गाडीचा विषय नको, शिवाय पुढे कर उतरतोय, दसऱ्यालाच आणू. ज्या मुलाला अमावास्या कधी आहे हे कॅलेंडर बघून कळत नाही, त्याला पितृपक्ष आठवला. ह्यांना बरं वाटलं असतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

गाडी अजून आली नाही. एजंट आजारी आहे. आजचंही वाचनालय हुकलं. सुशीलाबाईंना कळवलं तर म्हणाल्या, “जाऊ द्या बाई, घरीच आराम करा.” त्यांना वाचनाची एवढी ओढ, आणि आवाजात जरासुद्धा नाराजी नाही. माझं मन राखलं बिचारीनं.

घरी बसून अभ्यास केला. गल्लीतल्या प्रत्येक गाडीवाल्याला विचारून आले. डिझेलवाले डिझेलची तारीफ करतात आणि पेट्रोलवाले पेट्रोलची. फक्त डॉक्टरांचा ड्रायव्हर खरं बोलला: “अम्मा, जास्त फिरे तो डिझेल, कम फिरे तो पेट्रोल. बाकी सब बातां है.” मी कमी फिरते. म्हणजे पेट्रोल.

प्रणितालाही सांगितलं. “घाई करू नकोस आई, अजून विचार कर. त्या नव्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं बघ ना, मायलेज कमी देतं म्हणतात,” म्हणाली. हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. पुन्हा वाचायला बसले.

२१ सप्टेंबर, रविवार

निर्णय झाला. पेट्रोल, छोटी. हर्षू-अपर्णाला बोलावून मी फळ्यापाशी उभी असल्यासारखी सगळी कारणं सांगितली. लहान अंतरं, अरुंद गल्ली, सुशीलाबाईंना चढायला सोपी, सुलतान बाजारात मी गाडी लावते त्या एकनाथरावांच्या कापडदुकानामागे मावेल एवढी. हर्षूनं टाळ्या वाजवल्या. “हो आई, तुझंच ऐकणार.” अपर्णा मात्र ताटलीतल्या चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसली होती. जिंकली तीच, तरी तोंड का पाडलं होतं कोण जाणे.

जुनी गाडी कुठाय, विचारलं. “येईल गं.”

२५ सप्टेंबर, गुरुवार

हे कसं लिहायचं?

हर्षूला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून मी आज एकटीच ऑटो करून शोरूममध्ये गेले. रंग सांगून यायचा होता. लाल. आयुष्यभर राखाडी गाडी चालवली, आता लाल.

इमरान धावत आला, खुर्ची दिली, चहा मागवला. मी रंग सांगितला. तो गोंधळला. “अम्मा, आप की गाडी तो सफेद है. डिझेल, ऑटोमॅटिक. बुकिंग तो गणेश चतुर्थीकेच दिन होगई ना.”

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाची असेल. त्यानं हर्षूचं नाव सांगितलं, फोन नंबर सांगितला. “पुरानी गाडी बी एक्सचेंज में आगई, अम्मा. वो तो बिक बी गई, पहले हफ्तेमेंच.”

बिक गई. माझी गाडी. मी बाई एजंटच्या तब्येतीची चौकशी करत होते.

मग मी त्याला तो साठीचा नियम विचारला. पोरगं हसलं. “ऐसा रूल किद्दर है अम्मा? परसोंच एक नाना आए थे सत्तर के, चला के देखे. आप बी देखो ना.” आणि त्यानं त्या लाल पेट्रोल गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. इतकं सोपं होतं. मी जाऊन बसले. पट्टा लावला. चावी फिरवली. पण समोरचं काही दिसेना, कारण मी रडत होते. डोळ्यांत पाणी असताना गाडी चालवू नये एवढं मला कळतं. उतरले, किल्ली परत दिली आणि ऑटोनं घरी आले.

चतुर्थीला तो दही आणायला गेला होता. त्या तासात बुकिंग झालं. म्हणजे त्यानंतरचा अख्खा महिना मी जे केलं, वाचलं, विचारत फिरले, कारणं मांडली, ते काय होतं? लहान मूल रडू नये म्हणून त्याच्या हातात लाटणं आणि कणकेचा गोळा देतात, तसं मला पेट्रोल की डिझेल दिलं होतं. आणि मी पोळ्या लाटत बसले.

हर्षूला फोन करून झापणार होते. केला नाही. आधी बघू, कोण आपणहून सांगतं ते. प्रणिताला मात्र यातलं काही माहीत नसणार. तिला कळलं तर ती भावाची चांगली खरडपट्टी काढेल.

२८ सप्टेंबर, रविवार

प्रणिताचा फोन. दसऱ्याला येते आहे. मी मुद्दाम गाडीचा विषय काढला. म्हटलं, रंग ठरत नाही गं. मला वाटलं, ती काही बोलेल.

“लाल घे ना आई! तुला लाल शोभेल,” म्हणाली, आणि हसली. मागून जावईबापूंचा आवाज आला, “अजून रंगावरच अडकल्यात का आई?” आणि तिनं रिसीव्हरवर हात ठेवल्यासारखा आवाज आला.

तिला माहीत आहे. आधीपासून माहीत आहे. ती घाई करू नकोस म्हणत होती, ते मिसळलेलं पेट्रोल वाचायला लावत होती, ते का, हे आत्ता कळलं. हर्षूनं फसवलं तेव्हा राग आला होता. आज नुसतं छातीत दुखल्यासारखं होतंय. औषध घेऊन जाईल असलं हे दुखणं नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

गाडी आली. पांढरी. झेंडूच्या माळा घालून दारात उभी, अर्धी गल्ली अडवून. इकडे आपटा मिळत नाही, जम्मीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून देतात, ती तबकात. चाकांखाली लिंबं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला प्रणितानं माझा हात धरला. “आई, तू घरातली मोठी. नारळ तू फोड.” मी फोडला. एका फटक्यात फुटला, सगळे म्हणाले शुभ आहे.

मग पांढऱ्या शर्टातला एक चाळिशीचा गृहस्थ पुढे आला आणि माझ्या पाया पडला. उदगीरकडचा, नाव उमाजी. हर्षू म्हणाला, “आई, तुझ्यासाठी ड्रायव्हर. मुद्दाम मराठी शोधला, तुला बोलायला होईल. सरप्राइज!” 

मी उमाजीला विचारलं, “कधीपासून ठरलंय हे?”

“आक्का, सायबानी गेल्या महिन्यातच ठिवलंय मला. पगार बी दिला की आगावू. म्हणले, आक्काला आत्ताच सांगू नको.” आणि तो भाबडेपणानं हसला.

मी तबक खाली ठेवलं आणि म्हटलं, “लाल गाडी कुठाय हर्षू?” अपर्णा उमाजीला घेऊन गेटबाहेर गेली. तेवढी समज तिला आहे.

हर्षू बॉनेटवरची माळ सारखी करत राहिला. मग एकदम म्हणाला, “आई, त्या दिवशी ती मुलगी गेली असती तर?”

मी प्रणिताकडे पाहिलं. मुलीची गोष्ट जगात एकाच माणसाला माहीत होती.

ती रडायला लागली. “आई, त्या रात्री मला झोप नव्हती. मी पुण्यात बसून काय करणार होते? काही झालं असतं तर मला आयुष्यभर...”

“मी घाबरले होते म्हणून तुला सांगितलं होतं, प्रणिता. माझ्याविरुद्ध वापरायला नाही.”

“विरुद्ध नाही गं आई!”

“मला सरळ सांगायचं होतं. गाडी सोड म्हणायचं होतं.”

हर्षू म्हणाला, “सांगितलं असतं तर दिली असतीस किल्ली?”

“नसती दिली. भांडले असते. अबोला धरला असता. आणि मग एक दिवस मीच तुला बोलावून किल्ली हातात ठेवली असती. ती मी दिली असती, हर्षू. तू काढून घेतली नसतीस.” 

तो खाली बघत होता. त्याचे डोळे भरले होते, हे खरं आहे, लिहिलं पाहिजे. तो वाईट मुलगा नाही. आणि रेसकोर्सजवळची ती पोर अजून माझ्याकडे तशीच बघते, हेही खरं आहे. पण प्रणिताला मी एवढंच विचारलं, “दादानं लपवलं, समजलं. तू मला ‘लाल घे’ कसं गं म्हणालीस?” 

श्रीखंड कुणी खाल्लं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

उमाजीनं वाचनालयात नेलं. गाडी उंच आहे, चढायला पाटावर पाय द्यावा लागतो. तरी सुशीलाबाई गुडघे विसरून चढल्या आणि मागच्या सीटवर अशा ऐसपैस बसल्या की जणू वरातीला निघाल्या. थंड हवा लागल्यावर म्हणाल्या, “आता बरं झालं बाई. खरं सांगू का, तुमच्याबरोबर यायचे तेव्हा चादरघाटचा पूल येईपर्यंत मी रामरक्षा म्हणायची. मागच्या जूनमध्ये तुम्ही तो दुभाजक चढवलात ना, तेव्हापासून.”

“मला का नाही सांगितलंत?”

“नक्को बाई. तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

म्हणजे माझ्या वाईट वाटण्याची काळजी सगळ्यांनी मिळून घेतली. एकानंही मला विचारलं नाही. वाचनालयात कादंबरीवर चर्चा झाली, मी मासिकं चाळत बसले. सुलतान बाजारात गाडी लावायला जागाच मिळाली नाही, उमाजी ती घेऊन चकरा मारत होता. काजळीचा फिल्टर तुंबणार आहे, हे मी त्याला सांगणार होते. मग म्हटलं, माझी थोडीच आहे गाडी.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

डाव्या हातानं वही दाबून धरता येत नाहीये, म्हणून ओळी तिरक्या.

सकाळी न्हाणीघरात पाय घसरला. उंबऱ्याची पायरी आहे हे माहीत असून पाऊल चुकलं. मनगट सुजलंय, कपाळाला बादलीची कड लागली. बराच वेळ तशीच बसून राहिले, उठता येईना. मग नळाला धरून उठले. हळद लावली. उमाजी आला तेव्हा दार न उघडताच आतून सांगितलं, आज कुठं जायचं नाही.

दुपारी प्रणिताचा फोन आला. दसऱ्यापासून रोज दोनदा करते. आवाज एकदम नरम, माझी मनधरणी करणारा. “आई, जेवलीस? बरी आहेस ना? काही झालं तर मला सांगत जा हं, तू मला सगळं सांगतेस ना?”

मी फोन उजव्या हातात घेतला. म्हटलं, “अगं एकदम छान आहे. आत्ताच वाचनालयातून आले. सुशीलाबाईंनी किती हसवलं म्हणून सांगू!” आणि पुढे वाचनालयातली एक गंमतही सांगितली, तिथल्या तिथे रचून. ती खळखळून हसली. म्हणाली, “तुझा आवाज ऐकून बरं वाटलं आई. मला काळजीच होती.” आणि निर्धास्त होऊन तिनं फोन ठेवला.